चार किलो

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमागे
साठ टनी काट्यावर मी बसते,
सकाळी सहा ते दुपारी तीन.
भरलेली गाडी वजा रिकामी गाडी, राहिला तो माल.
एवढंच गणित, दिवसातून नव्वद वेळा.
ड्रायव्हर म्हणतात काटेवाली बाई,
घरत शेठ म्हणतात, मॅडम, पावती लवकर.

कोपरखैरण्याच्या खोलीत टेबल एकच.
त्यावर ब्रिजिटचा डबा, तिची इस्त्री, तिचे गणवेश.
ती रात्रपाळीला हॉस्पिटलात गेली की
मी टेबल पुसते, दिवा खाली ओढते,
बोरू तासते
आणि कुणाच्या तरी पुस्तकाचं नाव लिहायला घेते.

एका नावाचे साठ कागद.
त्यातला एक निमकरांना पसंत पडतो,
तोही, वेलांटी जरा आवरा, असं म्हणत.
वेलांटी आवरली की र बोडका दिसतो,
र सावरला की शेजारचा ळ रुसतो.
ळ मला साडेअकरानंतरच जमतो,
हात दमला की.
हे निमकरांना सांगत नाही.
म्हणतील, मग दमूनच बसत जा.

पंधराशे रुपये. दिवाळीनंतर.
कुठल्या दिवाळीनंतर, ते विचारायचं नसतं.

भाऊ फोनवर म्हणतो,
दोन डगरींवर हात ठेवू नकोस, एक काय ते धर.
त्याला काय सांगू,
माझ्याकडे टेबलसुद्धा अर्धंच आहे.

गेल्या मंगळवारी प्रिंटर मेला.
शेठ म्हणाले, हातानं लिहा.
पहिल्या दहा पावत्या नुसत्याच लिहिल्या,
बॉलपेन, खाली कार्बन.
मग लासलगावची गाडी आली.
लासलगावात ल दोनदा येतो,
आणि दुसरा ल पहिल्यासारखा नाही आला
तर मला पुढे जाता येत नाही.
बाहेर हॉर्न. मंचरचा बटाटा खोळंबलेला.
संगमनेरचा एक म्हातारा ड्रायव्हर
पावती उजेडात धरून उभाच राहिला.
म्हणाला, चाळीस किलो कमी लागलंय बाई,
पण असं लिहिलंय की भांडावंसं वाटंना.
मग भांडला.
चांगला पंधरा मिनिटं भांडला.
जाताना म्हणाला, मालकाला दुसरी लिहून द्या, ही माझी.

त्या रात्री बोरू धरला
तर अक्षरं रांगेत उभी,
बंपरला बंपर लावून.
निमकर म्हणाले, ताई, हे पावतीसारखं वाटतंय हो.
मी हसले. हसू आलं नव्हतं.
कांद्याचा वास साबणानं जात नाही
आणि शाई नखातून निघत नाही,
एवढं ठाऊक होतं.
बोटातून आत काय जातं, ते नव्हतं.

मागच्या आठवड्यात पुस्तक आलं.
मुखपृष्ठावर माझी अक्षरं, चांगली मोठी.
आत, किमतीच्या जरा वर, मुंगीएवढ्या टाइपात:
अक्षरलेखन, उज्वला ठोंबरे.
माझ्या नावात ज दीड आहे.
अर्धा वाटेत सांडला.
आमच्याकडे त्याला घट म्हणतात,
पोत्यामागे थोडी धरूनच चालतात.
ब्रिजिटनं पुस्तक उलटसुलट केलं,
म्हणाली, छान आहे, पण इस्त्री कुठे ठेवू?

काल तीनला शेवटची गाडी उतरली.
काटा रिकामा, ऊन लोखंडावर.
चप्पल घालूनच मधोमध जाऊन उभी राहिले.
केबिनच्या काचेत लाल आकडा: पन्नास.
ब्रिजिटच्या हॉस्पिटलात मी चोपन्न भरते.
हा काटा दहाच्या पटीतच बोलतो.
वरचे चार त्याच्या लेखी नाहीत.

शेठ ओरडले, मॅडम, तिथं काय करताय?
काही नाही, म्हटलं.
शून्य तपासतेय.

उतरले, पर्स घेतली.
निमकरांचा निरोप आला होता.
नवीन नाव आहे, परवापर्यंत हवंय,
आणि त्यात ळ दोन.